उतार मोजून द्या, दोन तास द्या

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
जिल्हा रस्ता सुरक्षा समिती, छत्रपती संभाजीनगर
(बीड, धाराशिव आणि नांदेडच्या समित्यांनीही वाचावं. डोंगर तिकडंही आहेत आणि पोरंही.)

विषय : लाँगबोर्ड चालवणाऱ्यांसाठी एक लहान उताराचा रस्ता आठवड्यातून दोन तास वाहनांना बंद ठेवण्याबाबत.

महोदय, महोदया,

घाटात चाकाच्या फळीवर उभी राहून पोरं खाली सुटतात, एखाद्या दिवशी ट्रकखाली जातील, अशी तक्रार आपल्याकडे आली असेल. आली नसेल तर येईल. ती तक्रार खोटी नाही, हे आम्ही आधीच मान्य करतो. चालू रस्त्यावर, समोरून वाहनं येत असताना उतारावर बोर्ड सोडणं चूकच. पण त्यावर शिट्टी मारून पोरांना हाकलणं हा उपाय नाही. हाकललेली पोरं घरी जात नाहीत, अंधार पडल्यावर पुढच्या टेकडीवर जातात. म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे, पण ती नेमकी कशी पुरी करायची त्याचा सगळा तपशील सोबत देत आहोत, कारण अर्धवट परवानगी ही बंदीपेक्षा वाईट.

आधी वस्तू काय आहे ते. आपल्याकडे स्केटिंग म्हटलं की चार चाकांचे बूट आणि शाळेचं रिंगण डोळ्यांसमोर येतं. लाँगबोर्ड वेगळा. साधारण ९० ते १०५ सेंटिमीटर लांबीची लाकडी फळी, तिच्याखाली पुढं-मागं ॲल्युमिनियमचे दोन ट्रक (म्हणजे वळणारे आस, मालवाहू नव्हे), आणि ७० मिलिमीटरच्या आसपास व्यासाची चार मऊ चाकं. हँडल नाही, ब्रेक नाही. वळायचं ते अंगाचा भार झुकवून आणि थांबायचं ते पायाने किंवा चाकं आडवी घासून. सगळा धोका या शेवटच्या वाक्यात आहे. वेग कुणालाही मिळतो, तो उतार फुकट देतो. थांबणं मात्र शिकावं लागतं.

किती वेग मिळतो, याचा हिशोब मांडून दाखवतो. ७० किलो वजनाचा माणूस ताठ उभा राहून एकसारख्या उतारावर सुटला, तर हवेचा विरोध त्याला एका ठरावीक वेगावर रोखून धरतो. ४ टक्के उतारावर तो वेग ताशी २८-२९ किलोमीटरच्या घरात येतो, ५ टक्क्यांवर ३३, ६ टक्क्यांवर ३७-३८ आणि ८ टक्क्यांवर ४५. तोच माणूस ८ टक्क्यांवर गुडघ्यात वाकून, हात मागं घेऊन अंग चोरून बसला तर ६०. वजन जास्त असेल तर वेग आणखी जास्त. आता थांबण्याचं पाहा. ६ टक्के उतारावर बऱ्यापैकी सराव असलेला माणूस पायाने ब्रेक लावतो, तेव्हा लक्षात यायला धरलेला एक सेकंद जमेस धरून ताशी २० ला त्याला साधारण १७ मीटर लागतात, ३० ला ३३ मीटर आणि ४० ला ५५ मीटर. वेग दुप्पट झाला तर अंतर तिपटीच्याही पुढं जातं. घाटातल्या वळणावर ५५ मीटर पुढचं कुठं दिसतं? गाजर गवत माजल्यावर तर वीस मीटरही दिसत नाही.

म्हणून काही रस्ते या चर्चेतून आत्ताच काढून टाका. कन्नड-चाळीसगावचा औट्रम घाट नको, त्यात तो गौताळा औट्रमघाट अभयारण्याला लागून. मांजरसुंब्याचा घाट नको. जळगाव रस्त्यावरचा चौक्याचा घाट नको. दौलताबादहून खुलताबादला चढणारा घाट पोरांना फार खुणावतो, पण वेरूळच्या पर्यटकांच्या गाड्या आणि मध्येच जुन्या तटबंदीच्या दरवाजातून निघणारा चिंचोळा रस्ता, इथं कुणी बोर्ड घेऊन दिसला तर खुशाल अडवा. म्हैसमाळचा रस्ता पावसाळ्यातल्या रविवारी गाड्यांनी तुडुंब असतो. आमची नजर यातल्या कुठल्याच घाटावर नाही.

आम्हाला हवा आहे तो ३०० मीटरचा तुकडा. एखाद्या टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीकडे जाणारा, एखाद्या मोठ्या आवारातला, किंवा ज्याला दुसरी वाट आहे असा गावरस्ता. उतार ४ ते ५ टक्के, त्याहून जास्त नको. एकच मोठं वळण किंवा वळणच नाही. आणि खाली किमान ८० मीटर सपाट किंवा हलका चढ. या शेवटच्या अटीवर आम्ही तडजोड करणार नाही. तळाला चौक, पूल, नाला किंवा गेट असेल तर वरचा रस्ता कितीही गुळगुळीत असो, तो बाद.

उतार डोळ्यांनी मोजायचा नसतो, डोळा फसवतो. गवंड्याकडची एक मीटरची सरळ पट्टी आणि पाणसळ घ्या. पट्टी रस्त्याच्या लांबीत ठेवा, खालच्या बाजूचं टोक उचलत न्या, बुडबुडा मध्यावर आला की त्या टोकाखालची फट सेंटिमीटरमध्ये मोजा. ५ सेंटिमीटर फट म्हणजे ५ टक्के उतार. दर २० मीटरला मोजून खडूने आकडा रस्त्यावर लिहा. सरासरी ५ आणि मध्येच २५ मीटरचा ९ टक्क्यांचा तुकडा, असा रस्ता नवख्याला पाडतो, कारण तिथं वेग अचानक अंगावर येतो. शाखा अभियंत्यांना हे अर्ध्या तासाचं काम आहे.

पृष्ठभागाबद्दल बांधकाम विभागाला वेगळं सांगायची गरज नाही, पण बोर्डाच्या नजरेतून रस्ता निराळा दिसतो. मोटारसायकलच्या चाकाला जे जाणवत नाही ते ७० मिलिमीटरच्या चाकाला अडवतं. कारपेट झालेला, बसलेला डांबरी रस्ता सगळ्यात चांगला. नुसता सीलकोट (डांबराचा पातळ थर) मारलेला, वर खडी सुटलेली असेल तर नको. सुटी खडी चाकापुढं अडकते, बोर्ड जागीच थांबतो, माणूस पुढं जातो. सिमेंटच्या रस्त्यावर आडव्या रेघा आणि सांधे असतात, पाय झिणझिणतात आणि चाकाची पकड तुटत राहते. गतिरोधक आणि पांढऱ्या जाड पट्ट्या असलेला तुकडा नको, आणि त्या पट्ट्या ओल्या असतील तर मुळीच नको.

आता मराठवाड्याच्या खास गोष्टी, ज्या कुठल्याही परदेशी माहितीपत्रकात सापडणार नाहीत. सोयाबीन निघालं की रस्त्यावर रास पडते. ती उचलल्यावरही राहिलेला दाणा चाकाखाली छऱ्यासारखा फिरतो. तुरीची तुरकाटी, कडब्याचे तुकडे, हंगामात ट्रॉलीतून पडलेला ऊस, हे सगळं वळणाच्या आतल्या अंगाला जमतं आणि नेमकं तिथंच बोर्डाला पकड लागते. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या टायरला चिकटून आलेली काळी माती डांबरावर पडते. ओली असताना साबण, वाळल्यावर दगड, दळली गेली की पावडर, तिन्ही अवस्थांत वाईट. कडेचा मुरूम वाहून रस्त्यावर येतो तो वेगळाच. म्हणून बोर्ड सुटण्याआधी रस्ता खराट्याने झाडणं ही पहिली अट ठेवा. ३०० मीटरला चार माणसं आणि चाळीस मिनिटं लागतात. जो झाडायला येणार नाही तो चालवणार नाही.

वेळ सकाळी साडेसहा ते साडेआठ. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, दुपारच्या डांबरावर पडलं तर खरचटण्याच्या आधी भाजतं, आणि ट्रकमधली बुशिंगं (आसाला वळू देणारे, रबरासारख्या युरेथेनचे ठोकळे) तापून नरम पडल्याने सकाळी घट्ट वाटलेला बोर्ड लटपटतो. हिवाळ्यात टेकडीवर दव पडतं, तेव्हा रस्त्यावर तळहात फिरवून पाहायचा, ओल लागली तर ऊन येईपर्यंत थांबायचं. पावसात पूर्ण बंद, आणि पहिल्या सरीनंतर तर विशेष करून, कारण रस्त्यात मुरलेलं तेल तेव्हा वर येतं. वार रविवार ठेवा, शनिवार नको. खुलताबादच्या भद्रा मारुतीला शनिवारी पायी जाणाऱ्यांची गर्दी असते, श्रावणात आणि हनुमान जयंतीला रात्रभर. ते रस्ते त्यांचे आहेत. त्या दिवसांत आम्ही खुलताबादच्या बाजूला फिरकणारही नाही.

बोर्डाची तपासणी वर, सुरुवातीच्या रेषेवर, एका जाणत्या माणसाने करायची. आपल्यापैकी कुणी अधिकारी हजर असतील तर त्यांनीही ती पाहावी, दोन मिनिटांत समजते. खेळण्यांच्या दुकानातला प्लॅस्टिकचा बोर्ड उतारावर येऊ द्यायचा नाही. ओळखायचा कसा? ट्रक प्लॅस्टिकचे असतात, आणि चाकावर नख दाबलं तर नख घसरतं. खऱ्या युरेथेनच्या चाकात नख किंचित रुततं. गल्लीतल्या करामतींचा छोटा बोर्ड, ५२ मिलिमीटरच्या कडक चाकांचा, चांगल्या कंपनीचा असला तरी इथं नको, आपल्या खडीवर तो टिकत नाही. चाकं ७० मिलिमीटर किंवा मोठी, कडकपणा ७८-ए ते ८२-ए (आकडा मोठा तितकं युरेथेन कडक).

मग प्रत्येक चाक धरून हलवायचं. अगदी किंचित खेळ हवा. नट पूर्ण आवळून पाव फेरा मागं घेतला की तो मिळतो. चाक खुळखुळत असेल तर नट सुटतोय. नायलॉकचा नट चार-सहा वेळा काढला-घातला की आतलं नायलॉन झिजतं आणि हाताने फिरू लागतो. असा नट फेकून द्यावा, पाच रुपयांसाठी मान मोडून घेऊ नये. चाक फिरवून कान लावायचा. करकर आली तर बेअरिंगमध्ये माती आहे. ६०८ नंबरचं बेअरिंग असतं ते, बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर, आतलं भोक ८. वरची पातळ चकती काढून पेट्रोलमध्ये धुवायचं, वाळवायचं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. ग्रीस ठासू नये, त्यात धूळ चिकटते. धावताना बेअरिंग जाम झालं की चाक लॉक होतं आणि त्यावर सावरायला वेळच नसतो. शेवटी ट्रकच्या आठ बोल्टांभोवती फळीला चीर आहे का ते पाहायचं. चीर दिसली तर दिवस संपला.

बरीच माणसं पडतात ती बोर्ड लटपटल्यामुळे, आणि त्याचं कारण बहुतेकांना उलटं माहीत असतं. बोर्डाचे पुढचे-मागचे दोन्ही ट्रक वळतात. भार मागच्या पायावर गेला की मागचा ट्रक पुढच्याला ढकलू लागतो, फळी डावी-उजवी हेलकावते, माणूस घाबरून आणखी मागं झुकतो, आणि दोन सेकंदांत खेळ आटोपतो. उपाय म्हणून पोरं किंगपिनचा (ट्रकच्या मधल्या मोठ्या बोल्टचा) नट पिरगाळून घट्ट करतात. त्याने बुशिंग चेपतं, बोर्ड काही काळ वळेनासा होतो आणि मग एकदम वळतो. योग्य उपाय आवळण्याचा नाही, बदलण्याचा आहे. वजनाप्रमाणे कडक बुशिंग घालायचं, साधारण ५५ किलोला ८५-ए आणि ७५ किलोला ९०-एच्या आसपास. मागचा ट्रक पुढच्यापेक्षा कमी वळणारा लावायचा. उभं राहताना भाराचे साठ-सत्तर टक्के पुढच्या पायावर, गुडघे वाकलेले, नजर पायांकडे नव्हे तर वीस-तीस मीटर पुढं.

संरक्षणाच्या सामानात सूट नाही. हेल्मेट हनुवटीखाली बकल लावून, पट्ट्यातून दोन बोटं जातील इतकं घट्ट. ताशी ३० च्या पुढं जाणाऱ्याला पूर्ण चेहरा झाकणारं. वेगळं आणायला पैसे नसतील तर आयएसआयचं मोटारसायकलचं पूर्ण हेल्मेट चालेल, जड आणि उकाड्याचं असलं तरी. फक्त एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नये, बाहेरून चीर नसली तरी आतला थर्माकोलसारखा थर दबलेला असतो. गुडघ्याला कडक वाटीचे पॅड, कोपराला पॅड, पायात सपाट तळाचे बंद बूट. सँडल घातलेल्याला परत पाठवा. आणि स्लाइडचे हातमोजे. तळव्यावर प्लॅस्टिकची चकती लावलेले हे मोजे हात टेकवून बोर्ड आडवा घासण्यासाठी लागतात. ते घरीही होतात. वेल्डिंगचे किंवा जाड चामडी मोजे घ्या. स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या चॉपिंग बोर्डाची १२ मिलिमीटर जाड आणि सात-आठ सेंटिमीटर व्यासाची चकती कापा, कडा घासून गोल करा आणि वेल्क्रोने बसवा. मोज्यावरचं वेल्क्रो नुसतं चिकटवू नका, शिवून घ्या, कारण घर्षणाने डिंक वितळतो आणि चकती नेमकी हवी तेव्हा निसटते.

परवाना कुणाला? हा आमच्या मागणीचा गाभा आहे. वय नाही, प्रमाणपत्र नाही, थांबण्याची परीक्षा. आधी सपाट रस्त्यावर. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यात रुंद, रिकाम्या वेळचे रस्ते आहेत, तिथं संबंधितांची परवानगी घेऊन सराव व्हावा. पायाने ब्रेक लावताना पुढचा पाय ट्रकच्या बोल्टांवर, बोटं पुढं. सगळा भार त्यावर. मागचा पाय अलगद खाली, टाच किंवा चवडा नव्हे तर पूर्ण तळवा रस्त्याला लावायचा आणि दाब हळूहळू वाढवायचा. एकदम दाबला तर पाय मागं ओढला जातो. ताशी २० च्या वेगाने आलेला उमेदवार आखलेल्या रेषेपासून १५ मीटरच्या आत पाच पैकी पाच वेळा थांबला, तर त्याला उताराच्या तळाकडचे पहिले ५० मीटर. तिथं पुन्हा पाच वेळा. मग १००. असं खालून वर चढत जायचं. वरून सुरुवात करणारा माणूस रस्त्यावर शिकतो आणि दवाखान्यात विसरतो. गुडघ्यात बसून हात टेकवत बोर्ड आडवा फिरवून थांबण्याची जी पद्धत आहे, तिला अमेरिकेतल्या बर्कलीच्या क्लिफ कोलमन या स्केटरच्या नावाने कोलमन स्लाइड म्हणतात. ती येणाऱ्यालाच पूर्ण ३०० मीटर. उभ्याने सर्वाधिक वेगाचा गिनीज विक्रम २०१७ मध्ये ताशी १४६.७३ किलोमीटरचा झाला, हे पोरांना तोंडपाठ असतं. तो गडी थांबला कसा, हे मात्र कुणी विचारत नाही.

रस्ता बंद कसा करायचा? मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ खाली सार्वजनिक सुरक्षिततेसाठी वाहनांना मनाई करता येते, आणि मनाई एका महिन्याहून जास्त नसेल तर राजपत्रातली अधिसूचना लागत नाही, स्थानिक पातळीवर जाहीर केलं की पुरतं. म्हणजे एका महिन्यातले चार रविवार, प्रयोग म्हणून, आपल्या अखत्यारीत बसू शकतात. दोन्ही टोकांना बॅरिकेड, तिथं एक पोलीस किंवा होमगार्ड, बाकीची माणसं आमची. खाली, वर आणि वळण असेल तर तिथं एकेक जण लाल-हिरव्या झेंड्यासह. खालच्याने हिरवा दाखवला की मधल्याने तोच वर द्यायचा, वरपर्यंत पोचल्याशिवाय कुणी सुटायचं नाही. डोंगराआड मोबाईलची रेंज जाते, म्हणून फोनवर भिस्त नको. एक लांब शिट्टी म्हणजे सगळे जागीच थांबा. एका वेळी उतारावर पाचच जण, दोघांत किमान ५० मीटर अंतर, ओव्हरटेक नाही. रुग्णवाहिका किंवा गावातलं तातडीचं वाहन आलं तर दोन मिनिटांत रस्ता मोकळा. गावकऱ्यांची गुरं, शेळ्या आल्या तर त्या आधी जातील. त्यांना हुसकायचं नाही, कारण बिथरलेली म्हैस कुठं वळेल ते म्हशीलाही माहीत नसतं.

उघड्यावरचे बाकीचे धोके थोडक्यात. उन्हाळ्यात माणशी तासाला एक लिटर पाणी आणि सोबत ओआरएस. दगडी कठड्याच्या फटीत हात घालायचा नाही, आपल्या खडकाळ रानात फुरसं तिथंच बसतं. कड्याला आग्या मोहोळ असेल त्या बाजूला धूर करायचा नाही, दगड मारायचा नाही.

कुणी पडलाच तर आधी झेंडा लाल, मग माणूस. डोक्याला मार असेल आणि श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढायचं नाही, मान हलवायची नाही, १०८ ला फोन. उलटी, गुंगी, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, यातलं काहीही दिसलं तर थेट घाटी रुग्णालयात, "थोडं बसू द्या, बरं वाटेल" नको. खरचटलेलं वाहत्या स्वच्छ पाण्याने दहा मिनिटं धुवायचं. हळद, माती, टूथपेस्ट काही नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं झाली असतील तर त्याच दिवशी घ्यायचं. तळहातावर पडून अंगठ्याच्या मुळाशी दुखत राहिलं तर एक्स-रे काढायचा, तिथलं लहान हाड मोडलेलं सुरुवातीला कळत नाही.

आपल्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. शाखा अभियंत्यांनी आमच्यासोबत तीन-चार तुकडे मोजून एक निवडावा. वाहतूक शाखेने चार रविवारांचा आदेश काढावा आणि आजूबाजूच्या गावांत तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. आणि त्या दोन तासांसाठी जवळची रुग्णवाहिका कुठं उभी आहे, तेवढं आम्हाला आधी कळावं. महिन्याच्या शेवटी प्रत्येक पडझडीची नोंद, किती टक्क्यांच्या तुकड्यावर, कशामुळे, काय लागलं, आम्ही लेखी देऊ. त्यात काही लपवलेलं आढळलं तर पाचवा रविवार मागायला येणार नाही.

मोजणीच्या दिवशी पट्टी, पाणसळ, खडू आणि खराटे आमचे. आपण फक्त तारीख कळवा.

आपले,
मराठवाड्यातले लाँगबोर्डवाले